खांदा पुढे दुखतो, गाठ मागे असते: बॉल, हात, सुई की इंजेक्शन?

खांद्याच्या पुढच्या बाजूला, आत खोलवर ठणका. बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, अख्खा तळवा फिरवावा लागतो. त्या कुशीवर झोपवत नाही आणि शर्ट मागून खोचताना कळ निघते. दुखतं तिथेच बाम चोळत राहिलं तर फरक पडत नाही, कारण खोड बऱ्याचदा मागे असते: फऱ्यावरच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडावरच्या) इन्फ्रास्पायनेटस स्नायूत. त्यातल्या ताठ, दोरीसारख्या पट्ट्यावर एक दुखरी जागा असते, तीच गाठ, म्हणजे ट्रिगर पॉइंट. ती दाबली की दुखणं पुढे खांद्यात आणि दंडात उमटतं. स्नायूत खारं पाणी टोचलं की वेदना अशी लांबवर जाते, हे संशोधक केलग्रेन यांनी १९३८ मध्येच नोंदवलं होतं. गाठ नेमकी कशामुळे होते यावर मात्र अजून वाद आहेत, आणि दोन तपासणारे दर वेळी एकाच जागेवर बोट ठेवतील असंही नाही.

उपाय निवडण्याआधी एक चाचणी करा. कोपर नव्वद अंशांत वाकवून कुशीला चिकटवा, हात सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तरी पंजा हळूच बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्या खांद्याच्या मानाने हात लवकर अडकत असेल तर फ्रोझन शोल्डरची (खांद्याचा सांधाच आखडण्याची) शंका घ्या, मधुमेह असेल तर जास्तच. मग खालच्या चारही उपायांआधी डॉक्टर. हातात जोर कमी वाटत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तरीही तेच. आणि डाव्या हातात कळ, सोबत घाम, धाप किंवा छातीवर दाब, असं असेल तर हे वाचत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

सुरुवात बॉलने करावी. खर्च नगण्य आणि धोका सगळ्यांत कमी. टेनिस बॉल लांब मोज्यात घाला, मोजा खांद्यावरून पुढे धरा म्हणजे बॉल घसरत नाही. भिंतीला पाठ टेका, दुखरा हात छातीवरून पलीकडे न्या. फऱ्यावर एक आडवी हाडाची कड हाताला लागते, बॉल तिच्या खाली हवा. मिलिमीटरभर सरकत शोधा. पुढचं ‘आपलं’ दुखणं जागं झालं की तीच जागा. दहापैकी पाच-सहा इतपतच दुखेल असा दाब, ३० ते ६० सेकंद, श्वास न रोखता. दोन-तीन जागा, दिवसातून दोनदा. मग गरम शेक आणि हात सगळ्या दिशांना हळू फिरवणं. इथे हमखास दोन चुका होतात: सीझन बॉल घेऊन जमिनीवर आडवं होणं (काळंनिळं पडतं, स्नायू आणखी आखडतो) आणि बॉल काखेकडे सरकवणं. मुंग्या आल्या की नस दाबली जातेय, लगेच जागा बदला.

फिजिओथेरपिस्टचा हात बॉलपेक्षा सरस ठरतो तो ताकदीमुळे नाही, निदानामुळे. मान, फऱ्याची हालचाल, दुखण्याचा खरा उगम, हे सगळं बॉल तपासत नाही. दोन आठवडे बॉल वापरून काहीच हललं नाही तर इकडे वळा.

ड्राय नीडलिंगमध्ये औषध नसतं. साधारण ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीची निर्जंतुक सुई गाठीत घालतात, नेमकी लागली की स्नायू टचकन उडतो. नंतर एक-दोन दिवस जागा ठसठसते, त्याला घाबरू नये. खरा प्रश्न जागेचा आहे. इन्फ्रास्पायनेटसखाली फऱ्याचं हाड आहे, ते फुप्फुसाला बऱ्यापैकी आडोसा देतं. मानेच्या बुडाशी, ट्रॅपेझियस स्नायूच्या वरच्या भागात तो आडोसा नसतो. तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरू शकते. त्यामुळे प्रशिक्षण विचारा, सुई तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली हवी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. सुईनंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं तर लगेच एक्स-रे.

इंजेक्शन डॉक्टरच देतात, बहुधा थोडं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. १९९४ मध्ये संशोधक हाँग यांनी कोरडी सुई आणि इंजेक्शन यांची तुलना केली तेव्हा स्नायू उडाला की आराम दोन्हींनी मिळाला, मात्र नंतरची ठसठस कोरड्या सुईने जास्त झाली. म्हणजे औषधाचा मुख्य फायदा सोसवण्यापुरता. सुईनंतरची ठसठस ज्यांना अजिबात सहन होत नसेल त्यांनी हा मार्ग घ्यावा, भूल देणाऱ्या औषधाची ॲलर्जी आधी सांगून. सोबत स्टेरॉइड घालायचं म्हणत असतील तर कशासाठी, हे विचारा. नुसत्या गाठीसाठी सहसा त्याची गरज पडत नाही.

चारांपैकी काहीही केलं आणि महिन्याभरात दुखणं परत आलं, तर आधी टेबल बघा. माउस कीबोर्डच्या पलीकडे लांब ठेवला असेल तर हात दिवसभर पुढे ताणलेला राहतो आणि तेवढा वेळ हाच स्नायू खांदा सांभाळत बसतो. माउस इतका जवळ घ्या की कोपर कुशीला टेकेल.