फुले संगम (केडीएस ७२६): भारी रान आणि वेळेवरची पेरणी मागणारे सोयाबीन

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रात विकसित केलेले हे वाण २०१६ मध्ये प्रसारित झाले. पाणी धरून ठेवणारे भारी रान आणि जूनमधील पेरणी जमणार असेल, तर मी त्याची निःशंक शिफारस करेन. ही दोन्ही नसतील, तर बियाण्याची पिशवी घेण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

तांबेरा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगाला ते मध्यम प्रतिकारक आहे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हा रोग शेंगा भरण्याच्या वेळीच पाने गाळतो, त्यामुळे तेथे हा एकच गुण निवडीला पुरेसा ठरतो. झाड उंच, पाने रुंद, दाणे टपोरे; म्हणूनच दाट पेरणी टाळावी.

पक्वतेला १०० ते १०५ दिवस लागतात आणि खरी कसोटी इथेच आहे. सोयाबीन दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते, मग झाडाची वाढ पुरी झालेली असो वा नसो. त्यामुळे जूनमध्ये पेरलेल्या झाडाला पेरी (खोडावरील पाने-फुले फुटण्याच्या गाठी) आणि फांद्या वाढवायला जो अवधी मिळतो, तो जुलैच्या मध्यानंतर पेरलेल्याला मिळत नाही. फुले कमी पेऱ्यांवर लागतात आणि दाणे भरण्याचा काळ पाऊस ओसरण्याच्या सुमारास येतो. मुरमाड रानात तर ओल आधीच संपते, तिथे जेएस ९३-०५ सारखे लवकर येणारे वाण अधिक भरवशाचे आहे. मात्र लवकर येणारे वाण जूनच्या आरंभीच पेरले, तर सप्टेंबरच्या पावसात ते काढणीला सापडून शेंगेतच दाण्यांना कोंब फुटण्याचा धोका असतो. म्हणून कमी दिवसांचे वाण सरसकट चांगले, हे मला मान्य नाही.

वेळ साधण्याच्या घाईत कोरड्यात पेरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (जमिनीत पेरणीजोगी ओल) आल्यावर ३ ते ४ सेंटिमीटर खोलीवर बी पडावे. त्याहून खोल गेलेले बी जमीन आवळली तर वर येत नाही.

सोयाबीन स्वपरागीत (स्वतःच्याच परागाने फळणारे) असल्यामुळे या वाणाचे घरचे बियाणेही पुढे वापरता येते. दाण्याचे टरफल नाजूक असते, म्हणून मळणीयंत्र कमी फेऱ्यांवर चालवावे, पोती उंच थप्पीत रचू नयेत आणि पेरणीपूर्वी गोणपाटात १०० दाणे भिजवून किमान ७० उगवतात का, हे पाहावे.