चेंजेसटूल: रेप्रेप्रोसोबत येणारं एकदम कामाचं टूल
ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात डेबियन (एक लिनक्स सिस्टिम) पॅकेजेस आम्ही स्वतःच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्यात टाकतो, त्यात डॉट चेंजेस फाइल, म्हणजे अपलोडमधल्या फाइल्सची यादी, दुरुस्त करणाऱ्या या चेंजेसटूलचा फार आधार आहे. रेप्रेप्रो, म्हणजे अशी रिपॉझिटरी सांभाळणारं टूल, इन्स्टॉल केलं की सोबतच येतं. डीएससी फाइल (सोर्स पॅकेजची माहिती असलेली) कोणी नंतर साइन केली, म्हणजे तिच्यावर डिजिटल सही केली, की तिची साइज आणि चेकसम (फाइल तपासायचा आकडा) दोन्ही बदलतात पण डॉट चेंजेसमध्ये जुनेच आकडे राहतात, मग अपलोड रिजेक्ट, आणि ते लांबलचक शा२५६ चेकसम हाताने कोण टाकत बसणार! इथे कमांडमध्ये डॉट चेंजेस फाइलचं नाव, पुढे अपडेटचेकसम्स, झालं काम. आधी व्हेरिफाय चालवा, कुठे बिनसलंय ते कळतं. पॅकेज कुठल्या डिस्ट्रिब्युशनसाठी आहे ते बदलायला सेटडिस्ट्रिब्युशनपण आहे. फक्त डॉट चेंजेस फाइल बदलली की तिच्यावरची जुनी सही बाद, डेबसाइन या सही करायच्या टूलने परत करायची. मॅन पेजमध्ये (टूलच्या माहितीपानात) उदाहरणं हवी होती राव, नवीन पोरं अडतात.