रात्री साडेदहानंतरचा बेस: खिशाला परवडणारे हेडफोन, समोरासमोर

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठलं. "रात्री तुमच्याकडे पंप लावता का रे? फडताळातल्या वाट्या वाजतात आमच्या." पंप नव्हता, मी होतो, बेस गिटार घेऊन. छोटा अँप (वाद्याचा आवाज मोठा करणारा डबा), आवाजाचं बटण जेमतेम दोनवर आणि गणपतीतल्या वाद्यवृंदासाठी बसवायची ३५ गाणी. घरात टीव्ही नीट ऐकू येत होता, म्हणजे माझा आवाज तसा कमीच होता. तरी खाली वाट्या वाजत होत्या. बेसचं हे असंच असतं. सगळ्यात जाड, मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा, हवेत त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. तिला भिंत काय अडवणार? त्यातून अँप फरशीवर ठेवला की स्लॅबच बोलायला लागतो.

अँपशिवाय, नुसत्या तारा छेडून रियाज करायचाही प्रयत्न झाला. त्यात हात बिघडतो. ऐकू यावं म्हणून आपण नकळत जोरात ओढायला लागतो आणि महिन्याभराने अँप लावला की सगळं वाजवणं खडबडीत निघतं. तेव्हा हेडफोनला पर्याय नाही. गेल्या काही वर्षांत स्वतःचे, मित्रांचे, रेकॉर्डिंगवाल्या ओळखीच्यांचे असे बरेच हेडफोन कानाला लावून झाले, त्यावरून हे लिहितोय. किमती अंदाजाने धरा, सेलमध्ये त्या हजार-दीड हजारांनी सहज खालीवर होतात.

आधी बाद काय करायचं ते सांगतो, कारण त्यातच माझे पैसे गेले.

ब्लूटूथ बाद. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. साध्या ब्लूटूथला आवाज पोचवायला बऱ्याचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे बोट तारेवरून सुटतं आणि सूर कानात येईपर्यंत पुढचा सूर वाजवायची वेळ टळून गेलेली असते. घरात असा महागडा हेडफोन आधीच असेल तर त्याला वायर लावायला भोक आहे का ते बघा. वायरीवर बहुतेक वेळा काम भागतं.

दुसरं, खोक्यावर जादा बेसची जाहिरात असेल तर तो हेडफोन बेसवाल्याने घेऊ नये. ऐकायला उलटं वाटतं, पण माझा पहिला हेडफोन तसाच होता. बाराव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) ई तारेवर एकेक सूर उतरत आलो की मधले तीन-चार सूर फुगायचे, ढोलात कोणी तोंड घालून बोलावं तसे. कानाला ते खुपायचं म्हणून हात आपोआप तेवढे सूर हलके वाजवायला शिकला. मला पत्ताही नव्हता. तालमीत साउंडवाल्याने विचारलं, "दादा, मधले सूर का गळतात तुमचे?" बेस बदलून बघितला, केबल बदलून बघितली, दोष निघाला हेडफोनचा. तेव्हापासून एकच कसोटी लावतो: हेडफोनने माझ्या चुका जशाच्या तशा ऐकवाव्यात, स्वतःच्या त्यात घालू नयेत. त्याच्या खोडी हाताला लागतात.

आता हेडफोनकडून बेसला काय लागतं? लोक आवाज किती खोल जातो याच्या मागे लागतात, पण खरी मदार दोन गोष्टींवर असते. एक म्हणजे गादी कानाभोवती किती घट्ट बसते. जराशी फट राहिली की आधी खालचे सूर पळून जातात. चष्मा लावणाऱ्यांनी हे आत्ता करून बघा: हेडफोन लावून खालचा सूर वाजवा, मग चष्म्याच्या काडीपाशी गादी बोटाने दाबा. एकदम तळ भरून येतो. तो आवाज हेडफोनमध्ये होताच, काडीने केलेल्या फटीतून गळत होता. दुसरी गोष्ट मधल्या पट्टीची, म्हणजे मधल्या उंचीच्या आवाजांची स्वच्छता. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ झेपत नाहीत, तरी आपल्याला ई ओळखू येतो, कारण त्याच्या वरचे ८२, १२३ हर्ट्झचे सूर ऐकून मूळ सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. तेव्हा तळ थोडा कमी असला तर रियाज अडत नाही. पण न दाबलेली तार मागे घुमत राहिली, बोट फ्रेटवर अर्धवट पडलं, हे सगळं मधल्या पट्टीत ऐकू येतं. तेच ऐकू आलं नाही तर रियाज कसला?

पाच हजारांच्या आसपास खरा सामना दोघांचा आहे: ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स आणि एकेजी के२४० स्टुडिओ.

एम२०एक्स पूर्ण बंद घडणीचा, १९० ग्रॅमचा, ४७ ओहमचा (ओहमचा आकडा मोठा तितका अँपला जोर जास्त लावावा लागतो). चार-साडेचार हजारांत मिळतो. दोन पेन्सिल सेलवर चालणारा छोटा अँप लावला तरी त्याला पुरेसा आवाज मिळतो, हा मोठा गुण. तळाला किंचित ऊब आहे, पण सूर फुगत नाहीत. ई तारेवर उतरत गेलं तर पायऱ्या बऱ्यापैकी सारख्या वाटतात. वायर तीन मीटरची आहे, त्यामुळे बसल्या जागेवरून तबकडीवरचं चहाचं भांडं न पाडता वहीपर्यंत हात पोचतो. उणं सांगायचं तर गाद्या लहान आणि पातळ. मोठ्या कानांच्या माणसाचा कान आत टेकतो, आणि मे महिन्यात पाऊण तासात घाम. वायर निघत नाही, ती तुटली तर सोल्डरिंगवाल्याला गाठा.

के२४०चं घराणं १९७०च्या दशकापासूनचं, ऑस्ट्रियातलं. डोक्यावरची पट्टी आपोआप बेताची होते, गाद्या ऐसपैस, वायर काढता-घालता येते. दोन तास लावून बसलो तरी विसरायला होतं. मधली पट्टी एम२०एक्सपेक्षा स्वच्छ: डाव्या हाताचं बोट तारेवरून सरकल्याची चर्र नीट कळते, दोन सुरांमधली शांतताही कळते. पण तो अर्धा उघडा आहे. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं. पंखा चारवर असेल तर ई तारेच्या तळाशी पंखाही वाजतो. तळ मुळातच पातळ, त्यात ही भर. शेजारी झोपलेल्या माणसाला बेस ऐकू जात नाही, त्याला जाते फक्त टिकटिक आणि चर्र. ही तक्रार माझ्या घरी लेखी नसली तरी नोंदली गेलेली आहे.

तेव्हा: स्वतंत्र खोली असेल, रियाज लांबचा असेल आणि हात थोडा बसलेला असेल तर के२४०. एकाच खोलीत पंखा, टीव्ही, झोपलेलं मूल आणि तुम्ही असाल तर एम२०एक्स. पहिलाच हेडफोन घेणाऱ्याला मी डोळे मिटून एम२०एक्स सांगतो, आणि उरलेले पैसे अँपसाठी ठेवायला सांगतो. त्याचं कारण पुढे येईलच.

दुप्पट खर्चाची तयारी असेल तर सोनीचा एमडीआर-७५०६ आणि ऑडिओ-टेक्निकाचाच एम४०एक्स, दोन्ही नऊ-दहा हजारांच्या घरात. ७५०६ हा १९९१ पासून रेकॉर्डिंगवाल्यांच्या गळ्यात दिसतो आणि त्याचं नाव मोठं आहे. वरची पट्टी धारदार. नख लागलं तरी सांगतो. संपादनाला उत्तम, पण बेसच्या रियाजाला मला तो थोडा कजाग वाटतो: तासाभराने कान थकतात आणि आपण तारांच्या खरखरीचाच विचार करायला लागतो. त्याची गुंडाळीची वायर मान वळवली की मागे खेचते. गाद्यांची साल निघते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत जास्तच लवकर. बदली गाद्या मात्र सहज मिळतात. एम४०एक्स ३५ ओहमचा, वायर सुटी, सोबत सरळ आणि गुंडाळीची अशा दोन. आवाज या सगळ्यांत सपाट, म्हणजे चांगल्या अर्थाने बेचव. बेससाठी या दोघांत मी एम४०एक्स घेईन आणि पुढची काही वर्षं विषय काढणार नाही.

सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज अडवण्यात सगळ्यांच्या पुढे. कंपनी ३२ डेसिबलपर्यंतचा दावा करते आणि कानाला लावल्यावर तो पटतो. घराशेजारी हायवे किंवा चालू बांधकाम असेल तर विचार करा. पण पकड शिकंज्यासारखी, चष्मेवाल्यांच्या कानशिलावर तासाभरात वळ.

बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोचं नाव कोणीतरी घेईलच. मखमली गाद्या, भरदार तळ, जर्मनीत बनलेला, सगळं खरं. पण तो या बजेटचा नाही, आणि त्यात एक खाच आहे. तो ३२, ८० आणि २५० ओहमचा असा येतो. सेकंडहँड स्वस्त मिळतोय म्हणून २५० ओहमवाला उचललात तर सेलवरच्या अँपवर आवाज इतका कमी येईल की हेडफोन बिघडलाय असं वाटेल. ८० ओहमवाला बरा.

आणि एक पर्याय जो गिटारवाले मोजत नाहीत: कानाच्या आत बसणारे वायरवाले मॉनिटर, म्हणजे इयरफोनच. दीड-दोन हजारांत चांगले मिळतात. रबरी बोंडं योग्य मापाची निवडली तर कान पूर्ण बंद होतो, त्यामुळे तळ चक्क मोठ्या हेडफोनसारखा येतो आणि चष्म्याचा प्रश्नच उरत नाही. अडचण वायरीची, ती जेमतेम सव्वा मीटर असते, तेव्हा जोडवायर घ्यावी लागते. शिवाय वायर शर्टाला घासली की तो आवाज थेट कानात. बजेट अगदीच आखडतं असेल तर इथूनच सुरुवात करा, जादा बेसवाल्या मोठ्या डबड्यापेक्षा हे कितीतरी सरस.

आता अँपचं. बेसच्या भोकात हेडफोनची पिन घालून काही होत नाही, मध्ये काहीतरी लागतंच: व्हॉक्सच्या ॲमप्लगसारखं थेट बेसला टोचायचं डबडं, हेडफोनचं भोक असलेला छोटा अँप किंवा लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस (बेसचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी). मोठ्या भोकासाठी जोडपिन घेताना तिच्यावर दोन काळ्या कड्या आहेत ना ते बघा. एकच कडी असेल तर ती मोनो, आणि मग एकाच कानात आवाज येतो. हेडफोनला नाव ठेवून परत करणारे मी पाहिलेत.

लॅपटॉपवाल्यांना आणखी एक भूत भेटतं. चार्जर लावलेला असताना सतत हूं असा सूर. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. मोकळी जी तार ९८, गुणगुणीचा वरचा सूर १००. म्हणजे तुम्ही जी वाजवता तेव्हा चार्जर तुमच्यासोबत जरासा बेसूर जी वाजवत असतो. त्या पट्टीतलं गाणं बसवताना मी अर्धा तास तार लावत बसलो होतो. चार्जर काढला, तार सुरात होती.

वायरीबद्दल: इथे नाव घेतलेल्या सगळ्या मोठ्या हेडफोनची वायर डाव्या कानातून निघते, म्हणजे नेमकी फ्रेट धरणाऱ्या हातावर लोंबते. ती पाठीवरून घ्या आणि गिटारच्या पट्ट्याखालून खाली सोडा. पिन काढता-घालताना हेडफोन आधी गळ्यात उतरवा. तो फट् आवाज कानाला चांगला नाही.

आवाज किती ठेवायचा, हा प्रश्न बेसवाल्यांनाच जास्त नडतो. अँपपुढे उभं राहिलं की छातीत जो धक्का बसतो तो हेडफोनमध्ये कधीच येत नाही, आणि तो यावा म्हणून आपण बटण फिरवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल फक्त ४ तास. रोज तासभर वाजवणाऱ्याचा कोटा दुसऱ्या हिशेबात गुरुवारीच संपतो.

घेण्याआधी वाजवून बघता आलं तर सोनं. मुंबईत धोबी तलावच्या बाजूला किंवा तुमच्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात स्वतःचा बेस आणि छोटा अँप घेऊन जा. चष्मा काढू नका. ई तारेवर बाराव्या फ्रेटपासून मोकळ्या तारेपर्यंत एकाच जोराने, सावकाश उतरा आणि कुठला सूर फुगतो, कुठला गळतो ते ऐका. मग मान खाली घालून डावा हात बघा, वाजवताना बघता तसा. तेवढ्याने गादी सरकून तळ गेला तर तो तुमच्या डोक्याचा हेडफोन नव्हे. ऑनलाइन मागवलात तर हेच सगळं पहिल्या रात्री घरी करा, खोकं न फाडता, कारण परत करायची मुदत मोजकीच असते.