जुन्या बागेच्या ट्रॅक्टरला जड ओढ: लायनिंग प्लेट की बटण प्लेट?

१८-२० एचपीच्या जुन्या बागेच्या ट्रॅक्टरमागे ६०० लिटरचा ट्रेल ब्लोअर (मागे ओढायचा फवारणीचा पंखा-टाकी) लावला की सगळ्यात आधी क्लच हात टेकतो. इंजिन ओरडतं, चाक जागचं हलत नाही. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून खोलायचाच आहे, तर या वेळी नेहमीच्या लायनिंग प्लेटऐवजी (दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असलेली क्लच प्लेट) बटण प्लेट (अस्तराच्या जागी धातूची बटणं असलेली) टाकावी का, हा प्रश्न मग येतोच. आधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधी पेडल जेवढं मोकळं दबतं ते, मात्र बघा. २०-२५ मिमी मोकळा प्ले नसेल तर चांगली प्लेटही घसरते, आणि तो दोष पान्याच्या दोन फेऱ्यांत जातो.

बटण प्लेटच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. बटणं धातूची भुकटी दाबून केलेली असतात, त्यामुळे तापली तरी पकड सोडत नाहीत. क्रँकच्या मागच्या सीलमधून थोडं ऑइल आलं तरी ती चालून जाते; लायनिंग प्लेट तेवढ्यावर घसरायला लागते. डांबरी रस्त्यावरून कांद्याची ट्रॉली सोलापूरच्या मार्केट यार्डात न्यायची, हेच मुख्य काम असेल तर बटणाला नाही म्हणणं अवघड आहे.

माझं मत फिरलं ते बांधाच्या कडेला. द्राक्षाच्या ओळीच्या शेवटी वळायला जागा बेताची. मागचा ब्लोअर कात्रीसारखा दुमडतो, बोटभर मागे, बोटभर पुढे करावं लागतं. या कामाला अर्धा क्लच, म्हणजे थोडी पकड थोडी घसर, लागतो, आणि बटण प्लेटला अर्धा क्लच जवळजवळ ठाऊकच नाही. सुटलेली असते, नाहीतर धरलेली असते. ट्रॅक्टर बेडकासारखी उडी मारतो, ड्रॉबारची पिन खणकन आपटते, मांडवाच्या लोखंडी अँगलला किंवा वेलीच्या खोडाला चाक लागतं. अवजार जोडताना पिनेच्या भोकासमोर भोक आणायचं, तिथंही तीच कथा. सवयीनं पाय हलका होतो म्हणतात, असेल. पण दिवसात चाळीस वेळा वळायचं असेल तर सवय लागेपर्यंत वैताग येतो.

शिवाय ही उडी जाते कुठं? १८ एचपीचं इंजिन २६०० आरपीएमला साधारण ४९ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. तेवढ्यानं धड गिअरचा दात सहसा तुटत नाही. तुटतो तो फ्लायव्हीलमुळे, म्हणजे इंजिनमागच्या जड फिरत्या चाकामुळे. प्लेट एकदम चावली की फिरत्या फ्लायव्हीलमधली ताकद क्षणात गिअरवर उतरते आणि झटका इंजिनच्या टॉर्कच्या कितीतरी वर जातो. लायनिंग प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मध्ये लाटेसारख्या पातळ पट्ट्या असतात, त्या दबत दबत पकड येते. फारच भार आला तर लायनिंग घसरून जळतं, गिअर वाचतो. डीपीवरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालावी आणि मग मोटर जळावी, तसा बटण प्लेटचा प्रकार जुन्या गिअरबॉक्समध्ये होऊ शकतो.

जमिनीप्रमाणे हे गणित बदलतं. नान्नज-वडाळ्याकडच्या काळ्या रानात, छाटणीनंतरच्या पावसात, डाऊनी रोगाच्या धास्तीनं वाफसा नसताना ब्लोअर आत घालावा लागतो. तिथं आधी चाकच घसरतं, म्हणजे गिअरबॉक्सला आयती सूट. सांगोल्याच्या मुरमाड डाळिंबाच्या बागेत टायर घट्ट धरतो आणि झटका सरळ दातांवर जातो. म्हणजे जिथं पकड चांगली, तिथंच बटण प्लेट जास्त जपून टाकावी.

लायनिंग प्लेट ओढीला टिकवायची तर बसवताना आळस नको. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती कड वेगळ्या उंचीवर असेल तर तीही तेवढीच उतरवायला सांगा. नुसती मधली जागा उतरवली तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि नवी प्लेट पहिल्याच आठवड्यात घसरते; दोष मात्र प्लेटला लागतो. मागचा ऑइल सील, इनपुट शाफ्टचा सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला. शाफ्टच्या ज्या खाचांवर प्लेट सरकते त्या स्प्लाइनला ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच. जोडताना गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू दिलं तर प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो, मग ती कधीच पूर्ण सुटत नाही.

जास्त ताकदीच्या स्प्रिंगची प्रेशर प्लेट हा मधला मार्ग आहे. पकड वाढते, अर्धा क्लचही राहतो. पण पेडल जड होतं आणि दर वेळी क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जास्त जोर येतो. क्रँकमध्ये आधीच पुढं-मागं प्ले असेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

गिअरबॉक्सचं बोलायचं तर सरकत्या गिअरच्या दातांची टोकं झिजून गोल होतात. गिअर पूर्ण आत जात नाही, सगळा भार अर्ध्या रुंदीवर येतो आणि ओढीत गिअर सुटतो. शिफ्टिंग फोर्क, लॉकची गोळी आणि स्प्रिंग नवी टाकून बरंच सुधारतं. टोकं फार गेली असतील तर गिअरची जोडीच बदलावी, एकटा नवा गिअर जुन्यावर आवाज करतो. घट्ट म्हणून १४० नंबरचं ऑइल भरायचा मोह होतो. हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर असतील तर ते भरू नका, सकाळी थंडीत पंप कोरडा ओढतो.

प्लेट विकत घेण्याआधी ड्रेन प्लग काढून ऑइल थाळीत घ्या आणि चुंबक फिरवा. राखाडी चिखल आला तर चालतं. नखाएवढा तुकडा आला तर आधी गिअरबॉक्स उघडा, प्लेट कोणती ते नंतर ठरवू.