तंबूच्या बुकिंगमध्ये माझे १५,९७४ रुपये गेले, ते असे

परवा चोपड्याच्या एका ओळखीच्या मुलाने मला फोटो पाठवला. पिवळा तंबू, दारापासून दोन हातांवर फेसाळलेली लाट, मागे मावळतीचा सूर्य. खाली लिहिलं होतं, "दादा, तुम्ही कोकणात जाऊन आलात ना? ही जागा कशी आहे?" माझ्या पोटात खड्डाच पडला. हाच फोटो गेल्या जानेवारीत मला आला होता. त्याने अजून पैसे पाठवले नव्हते, म्हणून वाचला.

मी अमळनेरचा. बोरी आणि तापी सोडून मोठं पाणी कधी नीट पाहिलं नव्हतं. मोटरसायकलवर एकट्यानेच जायचं ठरवलं: धुळे, नाशिक, पनवेल करत श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, पुढे वेळास, केळशी, आंजर्ले. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायची फार इच्छा होती. घरी मात्र "मित्रांबरोबर जातोय" असं सांगितलं. ते खोटं मला नंतर महागात पडलं, कारण बुकिंग करताना विचारावं असं कुणी उरलंच नाही.

मॅपवर त्या किनाऱ्यावरचा एक कॅम्प दिसला. चांगले अभिप्राय, फोन नंबर, सगळं होतं. मॅपवर कुणीही नवी जागा टाकू शकतो आणि असलेल्या जागेचा नंबर बदलायलाही सुचवू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोनवरचा माणूस अदबीने बोलला. चार रात्रींचे ३,६०० आगाऊ, तंबूची अनामत २,५००, निघताना परत. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, "वहिनीचं खातं आहे, कॅम्पच्या खात्याचं काम चालू आहे." तिथेच थांबायला हवं होतं. ॲप तुम्हाला खातेदाराचं नाव दाखवतं ते वाचण्यासाठीच. मी वाचलं आणि तरी पुढे गेलो.

पाचशेहून जास्त किलोमीटर गाडी चालवून फेब्रुवारीत, निघाल्यापासून दुसऱ्या संध्याकाळी पोहोचलो. सुरूची झाडं, ओली वाळू, खेकड्यांची भोकं. एकही तंबू नाही. माडाच्या झावळ्या गोळा करणारे एक काका होते. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, "ही जागा इथली नाहीच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी या सुरूच्या मुळाशी येतं. इतक्या खाली तंबू ठोकलात तर रात्री झोपेतच भिजाल." भरती दिवसातून दोनदा येते, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि तंबू भरतीच्या खुणेच्या बराच वर लावायचा असतो, हे सगळं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. किनाऱ्यावरच्या माणसाने तो फोटो एका नजरेत ओळखला. आपल्याकडच्या माणसाला तो फक्त सुंदर दिसतो.

पण सगळ्यात मोठा फटका त्यानंतर बसला. मी चिडून फोन लावला. तो लगेच माफी मागायला लागला. "चूक झाली दादा, सगळे पैसे आत्ता परत करतो. तुमचा रिफंड कोड आलाय, ९८७४. फोन चालू ठेवा, ॲप उघडा, मी सांगतो तो नंबर टाका. आता खालच्या चौकटीत कोड टाका." ती चौकट रकमेची होती. मी ९८७४ टाकलं. "आता पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील." अंधारत आलं होतं, राहायला जागा नव्हती, ६,१०० परत मिळतायत एवढंच डोक्यात होतं. पिन टाकला. टिंग वाजलं आणि खात्यातून ९,८७४ रुपये गेले. मेसेज दोनदा वाचला तेव्हा कळलं. तोपर्यंत फोन बंद.

कळकळीने सांगतो, यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो किंवा शिल्लक बघताना. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणीही, कितीही गोड बोलून पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवा.

काकांच्या मुलाने मला १९३० वर फोन लावायला लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. मी चाळीस मिनिटांत कळवलं. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी, सगळं विचारतात, म्हणून मेसेज पुसू नका. गेलेल्या पैशांतले ४,१०० गोठवले गेलेत, हातात अजून आलेले नाहीत. बाकीच्याबद्दल बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाच्या चुकीने गेलेल्या पैशांचं नुकसान, कळवेपर्यंतचं, ग्राहकावरच होतं. वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

त्या रात्री काकांनी खळ्यात तंबू ठोकू दिला, भात-आमटी वाढली आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही. वडिलांचा फोन आला. आवाजावरूनच त्यांना कळलं. "काय व्हयनं रे भाऊ?" मग मी सगळं सांगितलं, एकटा आलोय हेसुद्धा. ते रागावले नाहीत. म्हणाले, आधी विचारलं असतंस तर तिथल्या ग्रामपंचायतीला एक फोन करून बघितला असता.

चोपड्याच्या मुलाला मी तेच सांगितलं: ग्रामपंचायतीत विचार, आणि त्या माणसाला म्हण, आत्ता व्हिडिओ कॉलवर तंबू आणि समुद्र दाखव. त्याने तसं सांगितल्यावर पलीकडून नेटवर्क नसल्याचं कारण आलं, आणि नंतर त्या माणसाने मुलाचा नंबर ब्लॉक केला.

मॅपवरच्या त्या जागेची मी पाच वेळा तक्रार केली आहे. काल रात्री पुन्हा पाहिलं. फोन नंबर बदललाय. फोटो तोच आहे, पिवळ्या तंबूचा.