लातूरमध्ये नीटचं रिपीटर वर्ष : अकरा महिने राहून आल्यावर

जून 2024 ते मे 2025 असे अकरा महिने मी नीटसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी, दुसऱ्यांदा तयारी करायला लातूरला राहिले. घर कुडाळजवळ. जायच्या आधी मी अशा अनुभवांचा खूप शोध घेतला होता. हाती लागलं ते एकतर क्लासची जाहिरात होती, नाहीतर कुणीतरी रागाच्या भरात लिहिलेलं. म्हणून मी थांबले. निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या, आता डोकं शांत आहे, तेव्हा लिहितेय.

2024 ला मला 548 पडले होते. 4 जूनला निकाल लागला तेव्हा देशात 67 जणांना 720 पैकी 720 होते, आणि खुल्या प्रवर्गातून 548 वर सरकारी जागा मिळणार नाही हे त्याच संध्याकाळी कळून चुकलं. बाबांनी एवढंच विचारलं, "आणखी एक वर्स करतलंस?" मी हो म्हटलं. तयारीला राजस्थानातलं कोटा शहर नको होतं, कारण मला फिजिक्स मराठीतून समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. लातूरला सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि बोलतात मराठीत. बारावी इंग्रजी माध्यमातून केलेल्या, पण घरी मालवणी बोलणाऱ्या मुलीला त्याचा किती आधार वाटतो, हे तिथे बसल्यावर कळतं.

प्रवास लांबचा आहे. कुडाळहून कोल्हापूर आणि तिथून रात्रीची लातूर गाडी. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईला दोनदा येऊन जाता आलं. हे मी मुद्दाम लिहितेय. गाव कितीही चांगलं असलं तरी वर्षातून दोनदा तरी घरचं माणूस येऊन जाऊ शकेल का, हा हिशोब आधी करा.

राहायला उद्योग भवनाचा भाग, ज्याला सगळे ट्युशन एरिया म्हणतात. क्लास, हॉस्टेल, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या, सगळं पायी दहा मिनिटांत. सकाळी सहाला रस्त्यावर फक्त पाठीला सॅक लावलेली मुलं दिसतात. पहिल्या आठवड्यात याचा धीर वाटला, ऑगस्टपर्यंत धाक वाटायला लागला. खोलीबाहेर पडलं की प्रत्येक चेहरा त्याच परीक्षेचा. मग मी रविवारी दुपारी तासभर गंजगोलाईत जायला लागले. मधे अंबाबाईचं देऊळ आणि भोवती गोल पसरलेला बाजार. तिथे भांडीवाल्याला, कापडवाल्याला नीटशी काही देणंघेणं नसतं. तो एक तास मी शेवटपर्यंत सोडला नाही.

खोली दोघींची. क्लासची फी सोडून राहणं, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला साधारण दहा हजार लागले. हॉस्टेलचं डिपॉझिट निघताना पूर्ण परत मिळालं नाही. "रंग उडालाय" म्हणाले, आणि आमच्याकडे पावती नव्हती. पैसे देताना पावती घ्या आणि पहिल्याच दिवशी खोलीचे फोटो काढून ठेवा.

पाण्याबद्दल. वापरायचं पाणी बोअरचं, जड. साबणाला फेस येत नाही, केस चरचरीत होतात. प्यायला जार. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे मी बातमीत वाचलं होतं. तिथे राहिल्यावर मेसच्या मावशींना भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालताना बघितलं आणि ती बातमी खरी वाटली. आमच्याकडे जूनमध्ये अंगणात पाणी साचतं म्हणून आम्ही वैतागतो.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगते, कारण कोकणातल्या मुलांचं घोडं इथेच अडतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, तिखट वरण, शेंगदाण्याची चटणी. भात थोडा आणि शेवटी. नारळाचं नाव नाही, मासे तर विसराच. पहिला दीड महिना मी अर्धपोटी राहिले आणि वर बिस्किटं खाल्ली. चार किलो वजन उतरलं, दुपारी डोळे मिटायला लागले, आणि याचा अभ्यासाशी काही संबंध असेल असं मला वाटलंच नाही. शेवटी मावशींनीच एक दिवस ताट बघून विचारलं, "लेकरा, का टाकायलीस गं? काय खातीस घरी?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मला आधी भात वाढायच्या आणि भाकरी नंतर, तव्यावरून थेट. गरम भाकरी आणि गार भाकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला अठराव्या वर्षी कळलं. तेव्हा मेस ठरवताना किंमत बघू नका. स्वयंपाक कोण करतं आणि तुम्ही किती वाजता जेवणार, ते बघा. साडेआठनंतर गेलात तर सगळीकडे गारच मिळतं.

आता मुख्य गोष्ट. क्लासचं नाव लिहीत नाही. शिकवणं चांगलं होतं, विशेषतः ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि बॉटनी. पण एका बॅचला दोनशेच्या आसपास मुलं. ऑक्टोबरमध्ये आमचे फिजिक्सचे सर मधेच बदलले आणि नव्या सरांनी रोटेशनल मोशन दोन दिवसांत उरकलं. दर महिन्याला गुणांवरून बॅच बदलायची, खाली गेलं की मागचा हॉल. शंका विचारायची वेळ ठरलेली होती, पण तिथे तासभर रांग. दर रविवारी 720 ची टेस्ट, संध्याकाळी गुण मोबाईलवर, सोमवारी पुढचा धडा. तुमचा पेपर घेऊन तुमच्या शेजारी कुणी बसत नाही. लातूर पॅटर्न म्हणजे भरपूर सराव हे खरंच आहे, पण सरावात तीच चूक पन्नास वेळा केली तर तीही पक्की होते.

हे मला सप्टेंबरमध्ये उमगलं. टेस्टमध्ये सलग तीनदा 530 च्या आतबाहेर अडकले होते. तेव्हा 2024 च्या माझ्या ओएमआरची, म्हणजे गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत उत्तरसूचीशी ताडून बघितली. 144 बरोबर, 28 चूक, 8 सोडलेले. एका चुकीला एक गुण जातो असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे मिळाले असते ते चार आणि वर कापला जाणारा एक, असा पाचाचा फरक पडतो. अठ्ठावीस पाचे एकशे चाळीस. मी वर्षभर नवीन काय शिकू याच्या मागे होते, आणि जे माझ्या हातात होतं तेच सांडत होतं.

माझी रूममेट मुखेडची. तिचीही तीच गत. मग आम्ही एक दोनशे पानी वही केली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : माहीत नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, अंदाज मारला. रविवारी साडेसहाला पेपरांची अदलाबदल करायची. माझ्या चुका तिने वाचायच्या आणि त्या उत्तराला मी टिक का केली ते मी तोंडी सांगायचं. सांगताना लाज वाटते, म्हणूनच ते लक्षात राहतं. एक नोंद अजून डोळ्यांसमोर आहे. प्रश्न होता चेहऱ्याच्या हाडांची संख्या. कवटीत एकूण 22 हाडं, मेंदूभोवतीची 8 आणि चेहऱ्याची 14, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पर्यायांत 22 दिसलं आणि हात तिकडे गेला. ती म्हणाली, "तू प्रश्न वाचलाच नाहीस. तू ओळखीचा आकडा शोधलास." ते मी तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवलं.

पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त भरला तो दुसरा रकाना. मला वाटलं होतं पहिला भरेल. डिसेंबरपर्यंत दुसरा कमी झाला, पण तिसरा हलेना. अंदाज मारायची सवय सुटत नव्हती, कारण मोकळा गोळा दिसला की मला अस्वस्थ व्हायचं.

डिसेंबरच्या शेवटी, 30 तारखेला, येळवस आली. वेळा अमावस्या. आम्हाला माहीतच नव्हतं. सकाळी खाली उतरलो तर दुकानं बंद, रस्ते रिकामे, अख्खं लातूर शेतात गेलेलं. मावशी आम्हा सहा मुलींना औशाकडच्या त्यांच्या भावाच्या शेतात घेऊन गेल्या. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप केलेली, आत पूजा मांडलेली. मातीच्या मडक्यातली ताकाची आंबील, कितीतरी कडधान्यं आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. मी आंबील तीनदा मागून घेतली. संध्याकाळी आईला फोन केला. तिने नेहमीसारखं विचारलं, "जेवलंस काय गो?" त्या दिवशी पहिल्यांदा मला खरं उत्तर देता आलं. नव्वद मार्कांचं रिव्हिजन बुडेल म्हणून हॉस्टेलमधली एक मुलगी आली नव्हती. तिला मी चूक म्हणणार नाही, पण तो दिवस मी परत कधीही घेईन. जानेवारी त्याच्यावर निघाला.

जानेवारीअखेर परीक्षेचा नमुना बदलला. आधी 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे आणि 200 मिनिटं. आता सरळ 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. हॉलमध्ये गोंधळ उडाला तो वेळेवरून. आम्ही दोघींनी वहीसमोर बसून बघितलं तर वेगळीच गोष्ट दिसली. प्रत्येक विषयात पाच प्रश्न फुकट सोडता येत होते, ती सोय गेली होती. म्हणजे यापुढे सोडायचं तर किंमत मोजून, आणि काय सोडायचं ते आधी ठरवून. फेब्रुवारीपासून तीन फेऱ्यांत पेपर सोडवायला लागलो. बघताक्षणी येणारे पहिल्या फेरीत, आकडेमोड लागणारे दुसऱ्या, आणि तिसऱ्या फेरीत फक्त ते, ज्यांचे दोन पर्याय खात्रीने बाद करता येतात. बाकीच्यांना हात लावायचा नाही. पहिल्या चार टेस्टमध्ये माझे गुण उतरले आणि मी खालच्या बॅचमध्ये गेले. तिथे टिकणं हे त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम होतं. घरी काय सांगायचं तेही कळत नव्हतं. बाबांना वहीची पानं फोटो काढून पाठवली. ते म्हणाले, "तुका समजता ता कर."

4 मेला दुपारी दोन वाजता पेपर सुरू झाला. बायोलॉजी, मग केमिस्ट्री, आणि चारला काही मिनिटं असताना फिजिक्स उघडलं. पहिल्या पाच प्रश्नांतला एकही बघताक्षणी येणारा नव्हता. मागच्या बाकावरून कुणीतरी मुसमुसण्याचा आवाज आला. मी पान उलटलं. सातवा आला, नववा आला, मग थेट सोळावा. पाच वाजले तेव्हा पूर्ण पेपरमधले 27 गोळे रिकामे होते, त्यातले 19 फिजिक्सचे. मी पेन खाली ठेवलं.

14 जूनला निकाल लागला. 527. 136 बरोबर, 17 चूक. गुण 21 ने कमी, पण पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता. देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. त्यामुळे रँक कितीतरी वर आली. आता मी ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, घरापासून अर्ध्या तासावर.

पहिल्या प्रयत्नात ज्यांचा अभ्यासच पुरा झाला नव्हता, त्यांनी जून-जुलैलाच जावं. क्लासचं शिकवणं त्यांच्याच कामाचं आहे. ज्यांचा अभ्यास झालेला होता आणि तरीही गुण पडले नाहीत, त्यांनी आधी स्वतःची ओएमआर बघावी. घरी शांत खोली आणि चुका ऐकून घेणारं एक माणूस असेल, तर फक्त टेस्ट सिरीज लावूनही चालेल असं माझं मत आहे. माझ्याकडे ते माणूस नव्हतं, मला ते लातूरला मिळालं. आणि सोबत कुणी जाणार नसेल तर दोघींची खोलीच घ्या. एकटीची स्वतंत्र खोली कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका.

रूममेटचं यंदा झालं नाही. थोडक्यात राहिलं. ती तिथेच आहे, त्याच खोलीत, मावशींकडेच जेवते. वही मी तिच्याकडेच ठेवून आले. रविवारी साडेसहाला तिचा फोन येतो आणि ती चुकलेले प्रश्न एकेक करून वाचून दाखवते. परवाच्या टेस्टमध्ये अकरा चुकले होते. तिसऱ्या रकान्यात एकच होता.