वंध्यत्व उपचारांतील समुपदेशन: सोलापुरातील एका केंद्राविषयी अभिप्राय

होटगी रोडवरील ज्या वंध्यत्व उपचार केंद्रात आम्ही पती-पत्नींनी आयव्हीएफचे (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याचे) उपचार घेतले, तेथील डॉक्टरांविषयी हा अभिप्राय नाही. तो केवळ तेथील समुपदेशन सेवेविषयी आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 नुसार अशा केंद्रांनी जोडप्याला यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम व धोके समजावून सांगणे आणि समुपदेशन उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. येथे हे काम संमतिपत्रावर सही घेण्यापुरते उरकले जात नाही, हे आधी नोंदवते.

समुपदेशक बाईंनी सर्वाधिक वेळ दिला तो भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून बीटा एचसीजी रक्ततपासणीपर्यंतच्या (एचसीजी हे गर्भधारणेचे संप्रेरक मोजून गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या) प्रतीक्षेला. स्तन दुखणे, पोट फुगणे, थकवा येणे ही लक्षणे गर्भाशयाच्या अस्तरासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या औषधानेही जाणवतात, त्याच औषधाने पाळी लांबू शकते आणि स्त्रीबीजे काढण्यापूर्वी दिलेल्या एचसीजी इंजेक्शनचा अंश शरीरात असेपर्यंत घरच्या गर्भचाचणी किटवर फसवी दुसरी रेघ उमटू शकते, हे त्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच, न कंटाळता समजावले. सकाळी आशा आणि सायंकाळी रडू, हा त्या दिवसांतला क्रम त्यामुळे थांबला नाही. पण शरीराच्या प्रत्येक खुणेचा अर्थ लावत बसणे पुष्कळ कमी झाले.

नातेवाइकांचा प्रश्नही त्यांनी किरकोळ मानला नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला (सोलापूरच्या वार्षिक यात्रेला) घरी पाहुणे जमले की ‘यंदा तरी गोड बातमी?’ हे विचारल्याशिवाय कोणी उठत नाही, हे सोलापूरच्या समुपदेशकाला वेगळे सांगावे लागत नाही. तपासणीची तारीख कोणाला सांगायची, निकाल घरी कोण कळवणार, डोहाळजेवणाचे आमंत्रण आले तर कोणत्या शब्दांत नकार द्यायचा, हे त्यांनी आमच्याकडून आधीच ठरवून घेतले. सासूबाईंशी बोलण्याची जबाबदारी त्यांनी माझ्या यजमानांवर टाकली, ते मला विशेष पटले. कारण वीर्यतपासणीत दोष आढळला होता तो त्यांच्याकडे (हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात) आणि उत्तरे मात्र मला द्यावी लागत होती.

उणीव आहे ती सेवेच्या वेळेत. निकाल नकारात्मक येतो तेव्हा स्वागतकक्षातून फोन येतो, ‘मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, औषधं बंद करा, पाळी आली की कळवा,’ आणि संभाषण संपते. समुपदेशक बाईंची भेट त्यानंतर आपल्यालाच मागावी लागते. मला ती मिळाली तेव्हा पाळी येऊनही गेली होती. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत सरकारी क्रमांक 24 तास सुरू असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. तो निदान फाइलवर छापायला काय हरकत आहे? शिवाय समुपदेशन केवळ सकाळी असल्यामुळे अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्यांची गैरसोय होते. गरोदर स्त्रियांच्या तपासणीची रांग आणि आमची रांग एकाच दालनात असणे तर मला अनाकलनीयच वाटते.

तरीही या समुपदेशनासाठी मी केंद्राची शिफारस करते. नाव नोंदवण्यापूर्वी मात्र निकाल कोण सांगणार आणि तो नकारात्मक आल्यास समुपदेशकांची भेट किती दिवसांत मिळणार, हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे फाइलवर लिहून घ्यावीत.